शखेमांतील तीन दिवस

पाठ : १ राजे, अध्याय १२, ओंव्या १ ते २४. शिक्षकांनीं अध्याय ४, ५ व ११ अगोदर वाचून ठेवावे.

राष्ट्राचा इतिहास राजवाड्यांत घडतो कीं रानांत, हा जुना वाद आहे. कोणी म्हणतात, थोर पुरुष मनांत आणतील तसें राष्ट्र वळतें; दुसरे म्हणतात, पाऊस, पीक, कर व सैन्य यांच्या ओघांत राजे ओंडक्यांसारखे वाहत जातात. आमचें मत विचाराल तर दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धेंच खरें आहे. आणि तें कसें, हें पाहावयास रहबाम राजाच्या गोष्टीइतकी सोईची दुसरी गोष्ट आम्हांस ठाऊक नाहीं. तींत एका मनुष्याचा एक निर्णय आहे. त्या निर्णयास किती मुदत मिळाली हें लिहिलें आहे. सल्ला कोणीं दिला हेंही लिहिलें आहे. आणि परिणाम तर दोनशें वर्षांहून अधिक काळ चालत राहतो.

शलमोन ४० वर्षें राज्य करून वारला. विद्वान लोक हा काळ ख्रिस्तपूर्व ९३० च्या सुमाराचा धरितात. त्याचा पुत्र रहबाम यरुशलेमांत गादीवर बसला असेल असें आपणांस वाटतें, परंतु शास्त्र सांगतें कीं तो शखेमास गेला, कारण सर्व इस्राएल त्यास राजा करावयास तेथें जमले होते. ही ओंवी आपण घाईनें वाचून पुढें जातों. तेथें थोडें थांबावें. राजानें प्रजेला आपल्या दारीं बोलाविलें नाहीं, प्रजेनें राजाला आपल्या गांवीं बोलाविलें. असें कां? दावीदानें पहिलीं साडेसात वर्षें हेब्रोनांत केवळ यहूदा गोत्रावर राज्य केलें होतें, व नंतर इस्राएलाचे वडील त्याजकडे आले तेव्हां त्यानें त्यांच्याशीं करार केला, हें २ शमुवेल ५ मध्यें आहे. म्हणजे उत्तरेकडील गोत्रांच्या मनांत राजपद ही नुसती वारसानें मिळणारी वस्तु नव्हती. तो करार होता, आणि राजा बदलला कीं करार पुन्हां बोलावा लागे. शखेम हें ठिकाणही त्यांनीं उगाच निवडलें नव्हतें. एबाल व गरिजीम या दोन डोंगरांच्या मधल्या खिंडींत तें गांव होतें. हल्लींचें नाब्लूस शहर त्याच्या लगतच आहे. तेथें अब्राहामानें वेदी बांधिली, तेथें यहोशवानें सर्व गोत्रांस एकत्र करून करार केला, तेथेंच योसेफाच्या अस्थि पुरल्या होत्या. अशा जागीं उभें राहून लोक बोलले, तें काय बोलले हें आतां पाहूं.

ते म्हणाले, तुझ्या बापानें आमचें जूं भारी केलें, तें तूं हलकें कर म्हणजे आम्ही तुझी सेवा करूं. एवढेंच. तरवारीची भाषा नाहीं, दुसऱ्या राजाचें नांव नाहीं. हें जूं किती भारी होतें त्याचा हिशेब शास्त्रांतच आहे. राजाच्या घरीं दररोज ३० कोर सपीठ, ६० कोर पीठ, १० पुष्ट बैल, २० चरणीचे बैल व १०० मेंढरें लागत. हरिणें व पांखरें तीं वेगळीं. हा पुरवठा करण्यास १२ कारभारी नेमिले होते, व प्रत्येकानें वर्षांतून एक महिना तो उचलावयाचा. त्या बारा प्रांतांत यहूदाचें नांव हिब्रू मुळांत स्पष्टपणें येत नाहीं; राजाच्या गोत्रास सूट असावी असें पुष्कळ अभ्यासकांस यावरून वाटतें. तसें असेल तर इतरांच्या मनांतील सल समजण्यास फार विचार नको.

परंतु धान्यापेक्षां मोठा भार वेठीचा होता. शलमोनानें सर्व इस्राएलांतून ३०,००० माणसें वेठीस धरिलीं. दर महिन्यास १०,००० लबानोनांत लांकडें तोडावयास जात, व मग दोन महिने घरीं राहत. हिशेब करा : प्रत्येक माणसाचे वर्षांतून चार महिने गेले. नांगरटीचा महिना लबानोनांत गेला तर शेत कोणीं नांगरावें, आणि कापणीचा गेला तर पीक कोणीं घरीं आणावें? यांखेरीज ७०,००० ओझीं वाहणारे व ८०,००० डोंगरांत धोंडे फोडणारे होते. मंदिर ७ वर्षांत पुरें झालें, राजाचें स्वतःचें घर बांधावयास १३ वर्षें लागलीं. येथें एक शंका वर्गांत हटकून निघते : ९ व्या अध्यायांत तर शलमोनानें इस्राएल लोकांपैकीं कोणास दास केलें नाहीं असें म्हटलें आहे, मग हें कसें? आमची समजूत अशी कीं कायमची गुलामी वेगळी व पाळीपाळीनें घेतलेली वेठ वेगळी. पहिली देशांत उरलेल्या कनानी लोकांच्या वांट्यास आली, दुसरी इस्राएलाच्या. कागदावर हा भेद मोठा दिसतो. ज्याच्या पाठीवर ओझें असतें त्यास तो किती मोठा वाटत असेल, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

सांगावयास नको असें आम्ही म्हणतों, कारण वेठ म्हणजे काय हें आमच्यांतील कित्येकांच्या घराण्यांस पुस्तकावरून शिकावें लागलें नाहीं. गांवकामगार महारानें निरोप पोहोंचवावा, अंमलदारांचें सामान वाहावें, वेळ रात्रीची असो कीं पेरणीची, आणि मोबदला म्हणून तुकडाभर वतन व दारोदारची भाकर घ्यावी, ही आपल्याच मुलखांतील गोष्ट आहे. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ मध्यें मुंबईच्या कायदेकौन्सिलांत ह्या वतनाच्या कायद्याच्या दुरुस्तीचें बिल मांडलें. १९५० च्या राज्यघटनेनें वेठबिगारीस मनाई केली. आणि कनिष्ठ गांववतनें मोडणारा मुंबईचा कायदा १९५८ सालचा आहे. ज्यांच्या आज्यानें ही वेठ केली त्यांनीं शखेमांतील लोकांची मागणी वाचतांना कोणाच्या टीकेची वाट पाहूं नये; त्यांना ती अधिक चांगली कळते.

रहबाम म्हणाला, तीन दिवसांनीं या. आम्ही त्यास याबद्दल दोष देत नाहीं. उलट, घाईनें उत्तर न देणें हें शहाणपणच होतें. प्रथम त्यानें शलमोनापुढें उभे राहिलेल्या वृद्धांस विचारलें. ते म्हणाले कीं आज तूं या लोकांचा सेवक होशील, त्यांस गोड बोलशील, तर ते सर्वकाळ तुझे सेवक होतील. हे वृद्ध कोणी साधुसंत नव्हते. शलमोनाचा कारभार त्यांच्याच नजरेखालीं चालला होता. करांचे व वेठीचे आंकडे त्यांना तोंडपाठ असतील, आणि दोर कोठें तुटेल हें त्यांस दिसत होतें. मग त्यानें आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांस विचारलें. त्यांना हिब्रूंत जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ पोरें असा होतो. आणि १४ व्या अध्यायांत लिहिलें आहे कीं राजा झाला तेव्हां रहबाम ४१ वर्षांचा होता! म्हणजे ज्यांस शास्त्र पोरें म्हणतें ते चाळिशीच्या आसपासचे गृहस्थ असले पाहिजेत. लेखकानें तो शब्द जाणूनच घातला असावा असें आम्हांस वाटतें. राजवाड्यांत वाढलेल्या माणसानें लबानोनांतील एकही महिना काढला नसला, तर त्याचें वय वाढूनही कांहीं गोष्टी त्याच्या अंगीं येत नाहींत.

लक्षांत घ्यावें कीं रहबामाजवळ माहितीची वाण नव्हती. लोकांनीं आपलें दुःख तोंडावर सांगितलें होतें. चांगला सल्ला मागण्याअगोदर नव्हे, मागितल्यावर मिळाला होता, व तोही पहिल्यानें. तिसऱ्या दिवशीं लोक पुन्हां उभे राहिले तेव्हां त्यानें पोरांचे शब्द उच्चारले : बापानें चाबकांनीं मारलें, मी विंचवांनीं मारीन. हें वाक्य त्याचें स्वतःचेंही नव्हतें, उसनें होतें. परंतु उत्तर त्याच्या नांवावर लागलें.

आतां पहिल्या पक्षाचे लोक म्हणतील, पाहा, एका उत्तरानें राष्ट्र फुटलें. थांबा. भेग जुनी होती. दावीद जिवंत असतांनाच बन्यामिनी शबा यानें रणशिंग वाजवून, दावीदाशीं आमचा वांटा नाहीं, अशी आरोळी दिली होती, व शखेमांत लोकांनीं जवळ जवळ तीच आरोळी दिली. शलमोनाच्या हयातींत शिलोच्या अहीया संदेष्ट्यानें आपल्या नव्या वस्त्राचे बारा तुकडे करून दहा यराबामास दिले होते. हा यराबाम कोण? योसेफाच्या घराण्यावरील वेठीच्या कामाचा मुकादम. कामसू तरुण म्हणून शलमोनानेंच त्यास वर चढविलें, व पुढें त्यास मारावयास पाहिलें तेव्हां तो मिसर देशाचा राजा शिशक याच्या आश्रयास गेला. ह्या सर्व गोष्टी रहबामाच्या अगोदरच्या आहेत, आणि हें परमेश्वराकडून झालें असेंही शास्त्र म्हणतें. तर मग रहबाम निर्दोष काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दहा गोत्रें फुटावयाचें ठरवून आलीं असतीं तर तीन दिवस थांबलीं नसतीं. तीं थांबलीं, त्याअर्थीं त्या तीन दिवसांत दुसरा रस्ता खुला होता. भेग पडलेल्या भिंतीस टेकू देतां येतो, आणि पहार घालतांही येते.

त्यानंतर रहबामानें जें केलें त्याकडे टीकाकारांचें लक्ष कमी जातें, पण आम्हांस तें उत्तरापेक्षांही नवलाचें वाटतें. लोक आपापल्या डेऱ्यांकडे चालते झाले, आणि त्यांना वळवावयास राजानें कोणास पाठविलें? अदोरामास, वेठीवरच्या मुख्य अंमलदारास! सर्व राज्यांत ज्या एका माणसाचें तोंड पाहून लोकांचा संताप व्हावा तोच निवडून पाठविला. त्यांनीं त्याला दगडमार करून ठार केलें, व राजा घाईनें रथांत चढून यरुशलेमास पळाला.

पुढला निर्णय यराबामाचा. त्याच्या हातीं दहा गोत्रें आलीं, परंतु लोक यज्ञ करावयास यरुशलेमास जात राहिले तर त्यांचीं मनें परत फिरतील ही भीति त्यास लागली. म्हणून त्यानें सोन्याचीं दोन वासरें केलीं, एक उत्तरेच्या टोंकास दान येथें व एक बेथेलास, यरुशलेमाच्या वाटेवरच. लेवी नव्हते त्यांस याजक केलें. आठव्या महिन्याच्या १५ व्या दिवशीं नवा सण नेमिला. जो वेठीच्या जुलमामुळें राजा झाला त्याच्या राज्याचें नांव पुढें वासरांमुळें राहिलें. इस्राएलाच्या राजामागून राजाची हकीगत लिहितांना शास्त्र यराबामाच्या पापाची आठवण देतें.

रहबामाच्या पांचव्या वर्षीं शिशक चालून आला व त्यानें यरुशलेमांतील खजिने नेले. हा शिशक म्हणजे मिसराचा पहिला शशांक नांवाचा राजा असें बहुतेक विद्वान मानितात. कर्नाक येथील मंदिराच्या भिंतीवर त्यानें आपल्या स्वारींतील गांवांचीं नांवें कोरून ठेविलीं आहेत. त्यांत यरुशलेमाचें नांव आज वाचतां येत नाहीं; मगिद्दोचें आहे, आणि मगिद्दोच्या खोदकामांत त्याच्या नांवाच्या शिलालेखाचा एक तुकडाही सांपडला. मगिद्दो तर यराबामाच्या राज्यांतलें! ज्यानें त्यास आश्रय दिला होता त्यानें त्याचीही गांवें सोडलीं नाहींत. एक राष्ट्र असतें तर मिसराचें सैन्य आलेंच नसतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण तें आलें तेव्हां त्याच्यापुढें दोन भाऊबंद एकमेकांकडे पाठ करून उभे होते, हें खरें. शलमोनाच्या सोन्याच्या ढाली गेल्या. रहबामानें त्यांच्या जागीं पितळेच्या केल्या, आणि राजा मंदिरांत जाई तेव्हां पहारेकरी त्या उचलून नेत, व मग चौकींत परत ठेवीत. थाट मोडला नाहीं, धातु बदलली.

उत्तरेचें राज्य अश्शुरांनीं ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास बुडविलें. तोंपर्यंत तेथें १९ राजे झाले, आणि गादी एका घराण्यांतून दुसऱ्यांत बहुधा खुनानेंच गेली. त्याच मुलखांत, शखेमापासून हाकेच्या अंतरावर, याकोबाच्या विहिरीशीं एका शोमरोनी बाईनें एका यहूद्याला विचारलें कीं तूं माझ्याजवळ पाणी कसा मागतोस. योहान ४ हा पाठ आपण पुष्कळदां शिकवितों, पण विहिरीवरच्या त्या दुराव्याच्या मागें किती थर आहेत हें सांगावयाचें राहून जातें. त्यांतला अगदीं तळचा थर ह्या तीन दिवसांचा आहे.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम मागें ठेविली. यरुशलेमास पोहोंचल्यावर रहबामानें यहूदा व बन्यामीन यांतून १,८०,००० निवडक योद्धे जमविले. दहा गोत्रांस तरवारीनें परत आणावयाचें होतें. तेव्हां शमाया नांवाचा देवाचा माणूस पुढें आला, व त्यानें सांगितलें कीं आपल्या भावांशीं लढावयास जाऊं नका, आपापल्या घरीं परत जा. शमायाच्या पाठीशीं एकही शिपाई नव्हता. ज्या राजानें थोड्याच दिवसांपूर्वीं शहाण्यांचा सल्ला टाकून दिला होता त्याच्याचपुढें हें बोलणें होतें, आणि अपमान तर ताजा होता. पुढें दोन्ही राज्यांत चकमकी चालूच राहिल्या, हें १४ व्या अध्यायांत आहे. परंतु त्या दिवशींची लढाई झाली नाहीं. राजानें ऐकलें, लोकांनींही ऐकलें. १,८०,००० माणसें हत्यारें घेऊन जमलीं होतीं, तीं आल्या वाटेनें आपापल्या गांवीं गेलीं.