खुनाची शिक्षा आणि सुडाची भावना

प्रश्न : चुलतभावाचा खून झाला. खुन्याला फाशीच हवी. कोर्ट ‘जिवाला जीव’ का मानत नाही?
– एक वाचक, खंडाळा (जि. सातारा)

उत्तर : शिक्षेत गुन्ह्याच्या परतफेडीला जागा आहे, सुडाला नाही. खुनाला जन्मठेप किंवा फाशी होते. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 1980 च्या बच्चनसिंग निकालापासून फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणांपुरतीच. लहान मुलांच्या खुनांत दोषी ठरलेल्या कोल्हापूरच्या गावित बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कायम केली, पण दयाअर्जावरील दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती जन्मठेपेत बदलली. दिरंगाई सरकारची, गुन्हा त्याने सौम्य ठरला नाही. शिक्षा अपुरी वाटल्यास ती वाढवण्यासाठी अपील सरकार करते. आरोपी निर्दोष सुटल्यास मात्र कुटुंबालाही अपील करता येते. नुकसानभरपाईसाठी साताऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. सुडापोटी आरोपीच्या घरच्यांना धमकावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.