भिंतींपलीकडचे सोबती

मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडे मीरा-भाईंदर हे शहर वसलेले आहे. त्या शहरात मीरा रोडच्या पूर्व भागात सिल्व्हर पार्क नावाची वस्ती आहे. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या उंच इमारती, तळाशी दुकानांची रांग आणि पहाटेपासून लोकलगाडी गाठण्यासाठी लगबगीने निघालेली माणसे, असे या वस्तीचे नित्याचे रूप असते. परंतु मार्च २०२० मध्ये हे रूप एकाएकी पालटले. कोरोनाची साथ पसरू नये म्हणून २५ मार्चपासून साऱ्या देशात टाळेबंदी लागू झाली. त्यापूर्वीच मुंबईच्या लोकलगाड्या थांबल्या होत्या. रस्ते ओस पडले. ज्या जिन्यांवर दिवसभर पावले वाजत, ते जिने निःशब्द झाले.

अशा वेळी मनुष्याला सर्वांत अधिक काय सलते? अन्नाची व औषधांची चिंता तर असतेच. पण त्याखेरीज आणखी एक उणीव मनाला जाळत राहते. ती म्हणजे माणसांच्या सहवासाची. विशेषतः ज्या घरात एखादी वृद्ध व्यक्ती एकटीच राहते, तेथे घड्याळाची टिकटिकसुद्धा मोठी वाटू लागते.

सिल्व्हर पार्कमधील अशाच एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. सहाव्या मजल्यावर एक आजोबा एकटेच राहतात. सकाळचे सात वाजतात. आजोबा खिडकीजवळच्या मेजापाशी बसतात, कानांवर श्रवणयंत्र चढवतात आणि समोरच्या छोट्या पेटीवरील चकती हळूहळू फिरवू लागतात. प्रथम नुसती खरखर ऐकू येते. मग त्या खरखरीतून एक आवाज वर येतो. आजोबा बटण दाबून आपले संकेतनाम सांगतात आणि म्हणतात, “नमस्कार! येथे मीरा रोड. आपला आवाज स्पष्ट येत आहे.” पलीकडून नाशिकचा कोणी उत्तर देतो, तर कधी कोल्हापूरचा. दाराला कडी आहे, रस्ता बंद आहे. तरी आजोबांच्या खोलीत माणसे जमली आहेत.

आजोबांपाशी असलेल्या या साधनास हौशी रेडिओ म्हणतात, आणि ते चालवणाऱ्यास जगभर ‘हॅम’ या नावाने ओळखतात. आकाशवाणीचा कार्यक्रम आपण केवळ ऐकतो. हौशी रेडिओवर मात्र ऐकताही येते आणि बोलताही येते. या छंदातून पैसा मिळवावयाचा नसतो. व्यापाराचे संदेश पाठवणे किंवा गुप्त भाषेत बोलणे येथे वर्ज्य आहे. जे बोलावयाचे ते मोकळेपणाने, कोणीही ऐकावे असे बोलावयाचे.

मीरा रोडचा आवाज कोल्हापुरास पोहोचतो तरी कसा? मध्ये डोंगर आहेत. शिवाय पृथ्वीचा पृष्ठभागही गोल आहे. याचे उत्तर आपल्या डोक्यावर, आकाशात आहे. जमिनीपासून सुमारे १०० ते ४०० किलोमीटर उंचीवर विरळ हवेचे असे थर आहेत, की ज्यांतील कण सूर्यकिरणांमुळे विद्युत्भारित झालेले असतात. त्यांना आयनांबर म्हणतात. सुमारे ४० मीटर लांबीच्या रेडिओलहरी या थरापर्यंत गेल्या की तेथून वळून पुन्हा जमिनीकडे येतात. भिंतीवर मारलेला चेंडू परत यावा, तसाच हा प्रकार. दिवसा या लहरींनी काही शे किलोमीटरचे अंतर सहज तोडता येते. रात्री याच लहरी हजारो किलोमीटर दूर जातात. यासाठी लागणारा आकाशतंतू म्हणजे मधोमध जोडलेली साधी तार. तिचे दोन्ही हात सुमारे १० मीटर लांब असले म्हणजे काम भागते. मात्र ती गच्चीवर ताणण्यापूर्वी इमारतीतील रहिवाशांची संमती घ्यावी लागते आणि विजेच्या तारांपासून ती पुष्कळ दूर ठेवावी लागते.

या लहरींचा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तज्ज्ञांची अशी समजूत होती, की दूरच्या संदेशासाठी लांब लहरीच हव्यात. २०० मीटरांहून आखूड लहरी निरुपयोगी होत. म्हणून त्या हौशी लोकांना खेळावयास देण्यात आल्या. हौशी मंडळींनी मात्र चिकाटी सोडली नाही. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन गृहस्थ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर एका तंबूत थंडीवाऱ्यात बसून राहिला आणि त्याने अटलांटिक महासागरापलीकडील हौशी केंद्रांचे संकेत टिपले. पुढे नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेतील फ्रेड श्नेल आणि फ्रान्समधील लेऑन देलॉय यांनी सुमारे १०० मीटरांच्या लहरींवर एकमेकांशी संवाद साधला. टाकाऊ ठरवलेल्या लहरींनी महासागर ओलांडला! त्याच काळात आपल्या देशातही हा छंद रुजला. कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्त व मुकुल बोस यांनी १९२१ मध्ये आपली केंद्रे चालू केली, तर मुंबईत जून १९२३ मध्ये रेडिओ क्लबने कार्यक्रमांचे प्रक्षेपण केले.

छंद म्हणून शिकलेली ही विद्या संकटात फार मोलाची ठरते. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्यासह हौशी रेडिओचालकांचे एक पथक अंदमानातील पोर्ट ब्लेअर येथे गेले होते. जगभरच्या मित्रांशी त्या बेटांवरून बोलावे, एवढाच त्यांचा हेतू होता. २६ डिसेंबर रोजी त्सुनामीने बेटांना तडाखा दिला आणि संपर्काची साधने कोलमडली. तेव्हा या पथकाने हौस बाजूला ठेवली व अडकलेल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवण्याचे काम हाती घेतले. ‘सुखरूप आहे’ हे दोनच शब्द. पण ते ऐकण्यासाठी कित्येक घरांत माणसांनी प्राण कंठाशी आणले होते.

२०२० सालचे संकट मात्र निराळे होते. त्या वेळी दूरध्वनी बंद पडले नव्हते. मग हौशी रेडिओची आवश्यकता ती काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की दूरध्वनी आपण ओळखीच्या माणसाला करतो. ज्याला ओळखीचे फारसे कोणी उरलेले नाही, त्याने कोणाला हाक मारावी? रेडिओवर ‘सीक्यू, सीक्यू’ असा पुकारा करतात. ‘ऐकणाऱ्या कोणीही मला उत्तर द्यावे’ असा त्याचा अर्थ आहे. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला घातलेली ती साद असते. हे ओळखून ब्रिटनमधील रेडिओ सोसायटीने तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेबरोबर, घरात अडकलेल्यांना रेडिओवरून सोबत देण्याची मोहीम काढली. अनेक देशांतील हौशी केंद्रांनी तर ‘घरी राहा’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे आपल्या संकेतनामातच गुंफली.

मुलांनाही या काळात एक अपूर्व लाभ झाला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातील अंतराळवीर हौशी रेडिओवरून शाळकरी मुलांशी बोलतात. त्यासाठी पूर्वी मुले एके ठिकाणी जमत. शाळा बंद झाल्यावर यातून मार्ग काढण्यात आला. ३० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील मुले आपापल्या घरीच बसली. त्यांचे दूरध्वनी एका भूकेंद्राशी जोडले गेले आणि तेथून रेडिओलहरींनी त्यांचे प्रश्न अंतराळवीर ख्रिस कॅसिडी यांच्यापर्यंत पोहोचवले. मुले घरात बंद, आणि सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अंतराळवीरही आपल्या यानात बंद! दोघांनाही बाहेर पडता येत नव्हते. पण दोघे बोलत होते.

आता पुन्हा सिल्व्हर पार्ककडे वळू. रोज सकाळी ठरल्या वेळी जमणाऱ्या रेडिओमित्रांची एक रीत असते. एक जण क्रमाने सर्वांची संकेतनामे पुकारतो आणि प्रत्येक जण ‘हजर’ म्हणतो. समजा, एके दिवशी मीरा रोडच्या आजोबांचे संकेतनाम पुकारले गेले आणि उत्तर आले नाही. पुन्हा पुकारले, पुन्हा शांतता. अशा वेळी दूर नाशिकला बसलेला मित्र आजोबांच्या इमारतीत दूरध्वनी करील, शेजारी दार ठोठावतील, आणि तापाने ग्लानीत पडलेल्या आजोबांना वेळीच डॉक्टरांची मदत मिळेल. ज्याची अनुपस्थिती कोणाच्या तरी ध्यानात येते, तो मनुष्य एकटा नसतो.

आपल्या देशात वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना हौशी रेडिओच्या परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. विद्युत्शास्त्राची मूलतत्त्वे आणि संदेशवहनाचे नियम यांचा अभ्यास त्यासाठी करावा लागतो. परवान्याविना संदेश पाठवणे हा गुन्हा आहे. परवान्याबरोबर जगात दुसऱ्या कोणाचेही नसेल असे संकेतनाम मिळते.

संभाषण संपवताना हॅम मंडळी ‘७३’ असा अंक उच्चारतात. जुन्या तारायंत्रचालकांपासून चालत आलेल्या या अंकाचा अर्थ आहे ‘हार्दिक शुभेच्छा’. दार बंद असले तरी शुभेच्छांना वाट सापडते. ती शोधण्यासाठी थोडे ज्ञान हवे, आणि ऐकून घेणारा कान हवा.

स्वाध्याय

१. ‘दूरध्वनी आपण ओळखीच्या माणसाला करतो’ या वाक्यातून लेखकाने हौशी रेडिओचे कोणते वैशिष्ट्य दाखवले आहे?
२. ‘टाकाऊ ठरवलेल्या लहरींनी महासागर ओलांडला’ ही घटना आपल्या शब्दांत लिहा.
३. वाक्यात उपयोग करा : प्राण कंठाशी येणे, ओस पडणे, साद घालणे.
४. आपल्या शेजारी एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीची रोज विचारपूस कशी करता येईल, ते दहा ओळींत लिहा.