नवी चेनसॉ मशीन फुल रेसला दम का सोडते?
(कार्यकारणभाव शिकवण्यासाठी एक पाठ – इयत्ता ८ वी ते १० वी)



आपल्या नरसी नामदेवच्या शिवारात, कयाधूच्या काठाने, हळद काढणी सुरू झाली की पाठोपाठ सरपणाचा प्रश्न येतो. हळद शिजवायच्या कुकरखाली दिवसभर जाळ लागतो. पूर्वी त्यासाठी कुऱ्हाड आणि दोन माणसांची करवत असायची. आता एखाद्या आखाड्यावर पेट्रोलवर चालणारी चेनसॉ मशीन दिसते, बहुतेक वेळा ५८ सीसीची, २२ इंची पट्टीची. आणि ती आणल्यावर पहिल्याच आठवड्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : "मशीन चालू होते, हळू चालते, पण फुल रेस दिली की बसते. लोड घेत नाही."

हा प्रश्न वर्गात घ्यावा असं मला वाटतं. मुलांच्या घरचा आहे, यंत्र साधं आहे, आणि 'एका लक्षणाची अनेक कारणं असतात, त्यातलं खरं कसं शोधायचं' हे शिकवायला याहून सोपं उदाहरण सापडणार नाही. शिवाय पैशाचा विषय आहे. चुकीच्या ठिकाणी स्क्रू फिरवला तर नव्या मशीनचा पिस्टन एका दुपारीत चिकटतो.

आधी एक अट. शाळेत मशीन चालू करायची नाही, पेट्रोल वर्गात आणायचं नाही आणि मुलांच्या हातात चालती चेनसॉ कधीच द्यायची नाही. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येते, तिथे मोठ्या माणसालाही सावरायला वेळ मिळत नाही. बंद मशीन, चित्र आणि पाण्याच्या बाटल्या एवढ्यावर हा पाठ होतो.

मुलांना पहिला प्रश्न असा विचारा : हळू चालताना ठीक आणि फुल रेसला बंद, हे कसं काय? मशीन बिघडली असेल तर दोन्हीकडे बिघडायला हवी ना?

उत्तर त्यांच्याच शेतात आहे. तुषार सिंचनाच्या पाइपला फिल्टर असतो. तो अर्धा चोंदला आणि एकच नोझल चालू असेल तर काही कळत नाही, ते छान उडतं. सगळी नोझल सोडली की मग सगळीच मान टाकतात. फिल्टर सकाळपासून तेवढाच चोंदलेला होता, मागणी वाढली तेव्हा तो दिसला. इंजिनचंही तसंच. हळू चालताना ते मिनिटाला साधारण ३००० फेरे मारतं, फुल रेसला १०,०००च्या आसपास. टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला एकदा पेटतं, म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ वेळा. ५८ सीसीने गुणा : सेकंदाला साडेनऊ लिटरच्या वर हवा (सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो असं धरून), आणि त्या प्रमाणात पेट्रोल. हे गणित मुलांनाच करू द्या. मग वाटेत कुठेही अडथळा असला तर तो फुल रेसलाच का उघडा पडतो, हे सांगावं लागत नाही.

आता शोध. इथे घाई करणारे लोक थेट कार्बोरेटरच्या स्क्रूला हात घालतात, कारण मोबाइलवरच्या व्हिडिओत तेच दाखवतात. माझ्या मते तो शेवटचा उपाय आहे, आणि वॉरंटीतल्या मशीनवर तर तो आपला उपायच नाही. आधी एक प्रश्न विचारा, त्यानेच अर्धं काम होतं : मशीन हवेत फुल रेस घेते का, आणि फक्त लाकडात टेकवल्यावर बसते का?

हवेत नीट घेत असेल तर इंजिनला दोष देऊ नका, चेनकडे बघा. नवी चेन पहिल्या काही कापांत ताणली जाते आणि लोंबते. मग माणूस ती इतकी आवळतो की हाताने हलत नाही. थंड मशीनवर, हातमोजा घालून, चेन पट्टीवरून ओढता आली पाहिजे, इतपतच ताण हवा. चेनच्या तेलाची टाकी वेगळी असते, ती रिकामी असेल तर पट्टी तापते आणि चेन जाम होते. काही वेळा चेन उलटी बसवलेली असते. पट्टीच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे तोंड करून हवी. चेन बोथट असेल तर भुश्शाऐवजी पीठ पडतं. वाळलेली बाभूळ असेल तर हे फार लवकर होतं, आणि जमिनीला एकदा चेन लागली तर लगेचच.

पुढच्या हँडलसमोरची ढाल हीसुद्धा तपासा. ती पुढे ढकललेली असेल तर चेनचा ब्रेक लागलेला असतो. अशा वेळी रेस दिली की इंजिन गुरगुरतं, वेग घेत नाही, क्लचमधून धूर येतो. ढाल हँडलकडे ओढली की टक्‌ असा आवाज येऊन ब्रेक सुटतो. नव्या माणसाच्या हातून हे इतक्या वेळा होतं की मी यादीत ते फार वर ठेवीन.

हवेतसुद्धा बसत असेल तर तीन गोष्टींची तपासणी : हवा, पेट्रोल, धूर बाहेर जायची वाट. सुरुवात चोकपासून. थंड मशीन चालू करताना ओढलेला चोक तसाच अर्धा राहिला तर हवा कमी पडते, काळा धूर येतो, प्लग ओला होतो. मग एअर फिल्टर. भुसा बसलेला असेल तर झटकून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुवून, पूर्ण वाळवून लावायचा. सायलेन्सरची बारीक जाळी नव्या मशीनमध्ये सहसा चोंदत नाही, पण ऑइल जास्त टाकलं असेल तर तीही काजळते.

खरी गंमत पेट्रोलच्या वाटेवर आहे, आणि तिथेच प्रयोग करता येतो. एका प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाजवळ बारीक भोक पाडा, पाणी भरा. झाकण उघडं असताना धार पडते. झाकण घट्ट लावलं की धार मंदावते आणि थांबते. पाण्याच्या जागी हवा आत यायला वाट उरली नाही. चेनसॉच्या टाकीला याचसाठी एक श्वासनळी असते. ती बंद असेल तर मशीन सुरुवातीची दोन-चार मिनिटं मस्त चालते, मग फुल रेसला दम सोडते. मशीन बंद करून, थंड झाल्यावर टाकीचं झाकण उघडलं की 'सूं' असा आवाज येतो. झाकण परत लावल्यावर मशीन पुन्हा थोडा वेळ नीट चालली, तर चोर सापडला. चालत्या मशीनचं झाकण मात्र कधी सैल करू नका.

दुसरा प्रयोग मऊ स्ट्रॉचा. चिमटीत थोडी दाबून हळू पाणी ओढा, येतं. जोरात ओढा, स्ट्रॉ चिपकते. टाकीतली नळी मुडपली असेल किंवा तिच्या टोकाचा छोटा फिल्टर चोंदला असेल तर हेच होतं.

मग पेट्रोल स्वतः. टू-स्ट्रोक इंजिनला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. पुस्तिकेत २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिली टू-टी ऑइल, ५० ला १ असेल तर २० मिली. हे टोपणाने अंदाजे मोजायचं काम नाही. आणखी एक गोष्ट अलीकडची आहे : आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तर बऱ्याच चेनसॉच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतचंच चालेल असं सांगतात. इथेनॉल जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. म्हणून जुन्या मापाने बसवलेला कार्बोरेटर तेवढंच इंधन सोडतो, पण इंजिनला ते कमी पडतं. इंधन कमी, हवा जास्त. फुल रेसला मशीन अडखळते आणि तापते. त्यात कॅन पावसाळ्यात अर्धा भरलेला, सैल झाकणाचा पडून असेल तर इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पाणी-इथेनॉल तळाला वेगळं बसतं. टाकीतली नळी तळातूनच ओढते, म्हणजे ऑइल नसलेलं इंधन इंजिनात जातं. म्हणून मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करावं.

प्लग काढून बघितला तर तो बरंच सांगतो. टोक तपकिरी असेल तर ठीक. काळं, ओलं असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरट, कोरडं असेल तर पेट्रोल कमी पडतंय, मशीन लगेच थांबवा.

एवढं करूनही दोष राहिला तर 'एच' लिहिलेल्या स्क्रूची पाळी येते, आणि ती मिस्त्रीची. तो स्क्रू आत आवळला की इंधन कमी होतं. मशीन हवेत किंचाळल्यासारखी पळते, मालक खूश होतो, आणि वंगणही कमी झाल्यामुळे पिस्टन चिकटतो. उलट नीट बसवलेली मशीन फुल रेसला हवेत थोडी फडफडते आणि लाकडात टेकवल्यावर आवाज साफ होतो. या फडफडीलाच दोष समजून काही जण नवी मशीन परत घेऊन जातात!

वर्गात गट पाडा. प्रत्येक गटाला एकेक लक्षण द्या : 'पाच मिनिटांनी बसते', 'फक्त लाकडात बसते', 'काळा धूर येतो', 'रेस दिली की क्लच जळाल्याचा वास'. त्यांनी पहिली तपासणी कोणती करायची आणि का, ते वहीत लिहायचं. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फिल्टर, प्लग आणि पेट्रोल एकदम बदललं आणि मशीन सुरू झाली, तर दोष कशात होता ते कोणालाच सांगता येत नाही.

पालकांसाठी दोन गोष्टी राहिल्या. हळदीची भट्टी पेटलेली असताना तिच्या आसपास टाकी भरू नका. लांब जाऊन, मशीन थंड करून भरा आणि चालू करण्याआधी तिथून निदान तीन मीटर बाजूला या. आणि उभं झाड तोडायचं असेल तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली काही जातींच्या झाडांना, ती स्वतःच्या शेतात असली तरी, परवानगी लागते. ती वन विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या.