ठोकून सरळ न होणारी गाडी

प्रश्न : आमच्याकडे १९८० च्या दशकातली सिपानी डॉल्फिन आहे. बाबांनी हौसेने घेतलेली. शेडमध्ये उभी असताना ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना तिच्या पुढच्या डाव्या मडगार्डला लागली आणि मडगार्डचे तीन तुकडे झाले. दोन डेंटरना दाखवली. दोघंही म्हणाले, "हे फायबर आहे, ठोकून सरळ होणार नाही." नट-बोल्टही कुठे दिसत नाहीत. मग हे मडगार्ड बसवलं तरी कसं असेल? आणि ते काढून नवं लावता येईल का?
— एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)

उत्तर : डेंटरचं म्हणणं खरं आहे, पण त्यामुळे गाडी निकालात निघत नाही. लोखंडी पत्रा वाकतो, म्हणून तो ठोकून परत आणता येतो. फायबर वाकण्याऐवजी फुटतं आणि फुटलेलं जोडता येतं. फक्त ते काम डेंटरचं नाही.

तुमची गाडी मुळात इंग्लंडच्या रिलायंट कंपनीची 'किटन'. बंगळुरूच्या सिपानीने १९८२ च्या सुमारास ती 'डॉल्फिन' नावाने आणली. ८४८ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, खाली पोलादी चासी आणि वर फायबरग्लासची बॉडी. पत्र्याची बॉडी बनवायला अवाढव्य प्रेस आणि महागड्या डाय लागतात. फायबरला साचा, काचेच्या तंतूंची मॅट, रेझिन आणि चार हात पुरतात. त्यामुळे थोड्या गाड्या बनवणाऱ्याला हा मार्ग परवडतो. अमेरिकेत शेव्हरोलेने १९५३ मध्ये कॉर्व्हेट याच पद्धतीने सुरू केली, तीही पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्यांची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि डॉल्फिनचं दुकान उठलं. सुटे भाग मिळत नाहीत त्याचं कारण हेच.

आता मडगार्डकडे. बोनेट आणि दारं बिजागरीवर असतात, ती सुटी निघतात. बाकीची बॉडी साच्यांतून निघालेल्या तुकड्यांची असते. दोन तुकडे जिथे भेटतात तिथे आतून मॅट-रेझिनची पट्टी चिकटवतात आणि बाहेरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारतात. मग सांधा दिसत नाही, बोल्ट तर नसतोच. तो शोधायला चाक काढा, आत टॉर्च मारा. खडबडीत, जाडसर पट्टी दिसेल. बाहेरून बोटाने टकटक करत गेलात तर पट्टीवर आवाज बदलून बद्द येतो. खूप जुन्या गाड्यांत तर रंगाखालून सांध्याची रेघच उमटलेली असते.

सांधा सापडल्यावर लगेच ग्राइंडर हातात घेऊ नका. आधी ठरवा, मडगार्ड बदलायचं की जोडायचं? माझं मत स्पष्ट आहे : तिन्ही तुकडे जवळ असतील आणि कडा जुळत असतील, तर जोडा. चिकटवलेल्या बॉडीत एक पॅनल उपटलं की शेजारच्याची कडाही थोडीफार तुटतेच. मडगार्डचा चुरा झाला असेल किंवा पूर्वीच्या दुरुस्तीची लांबी बोटभर जाड थापलेली असेल, तरच सांध्यावर कापा.

कापायचंच ठरलं तर आधी दाराच्या फटी मोजून लिहून ठेवा आणि पुढच्या भागाला लाकडी आधार द्या. मडगार्ड निघालं की बॉडीचा आकार किंचित सरकतो, मग नवं बसतं पण दार लागत नाही. सांध्यावरची लांबी घासून काढा आणि पट्टी पॅनलपासून पातळ पटाशीने हळूहळू सोडवा. हीट गनने चिकट थर थोडा ढिला पडतो, वितळत नाही. जास्त तापवलंत तर चांगल्या पॅनलच्या मॅटचेही थर सुटतील. रंग काढण्याचं केमिकलही लावू नका, ते रेझिनला खातं. पट्टी शाबूत असेल तर जागेवरच ठेवा, नवं पॅनल तिच्यावरच बसेल.

नवं पॅनल आणायचं कुठून? जुन्यातूनच. जमतील तेवढे तुटके तुकडे आतून जोडून, वरून लांबी भरून, घासून गुळगुळीत करा. हा झाला नमुना. त्यावर मेणाचे थर देऊन फायबरचाच साचा काढा आणि साच्यातून नवं मडगार्ड. उजव्या मडगार्डवरून साचा घेऊ नका, तो डाव्या बाजूला आरशातल्यासारखा उलटा पडतो. नवं पॅनल रात्रभर साच्यातच राहू द्या. घाईने काढलेलं कच्चं पॅनल वाकडं होतं.

हे काम करणारे हात तुमच्या भागात आहेत. विदर्भात उन्हाळा कूलरवर निघतो आणि फायबर बॉडीचे कूलर बनवणारे, दुरुस्त करणारे कारागीर मॅट-रेझिन रोज हाताळतात. मूर्ती आणि झाक्या बनवणारेही. डेंटरऐवजी त्यांना गाडी दाखवा. सामान गोंदियात नाही मिळालं तर नागपूरला मिळेल.

जोडताना दोन्ही कडांना उतार द्या, जाडीच्या सुमारे बारा पट. पॅनल ३ मिमीचं असेल तर प्रत्येक बाजूला साडेतीन-चार सेंटिमीटर. त्या उतारावर मॅटचे थर लहानापासून मोठे होत गेले पाहिजेत. घासण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसा, नाहीतर वर्षानुवर्षं चोळलेलं पॉलिशचं मेण घासताना आत शिरतं आणि मग काहीच धरत नाही. पॅनल पट्टीवर बसवताना शिकंजे बेताने आवळा. फार दाबलं तर चिकटवणारा माल बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. साधं पॉलिएस्टर रेझिन पॉलिएस्टरच्या जुन्या बॉडीला चालतं, इपॉक्सी अधिक घट्ट धरतं. पण एकदा इपॉक्सी लावलं की त्यावर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही, म्हणून दोन्हींची सरमिसळ नको.

एक इशारा. पॉलिएस्टर रेझिनबरोबर कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट अशा दोन बाटल्या येतात. त्या दोन्ही एकमेकींत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, कॅटॅलिस्ट नंतर. किलोला १० ते २० ग्रॅम कॅटॅलिस्ट पुरतं. घासताना चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. काचेची कुसं अंगात शिरली की दोन दिवस खाज जात नाही.

आता मुहूर्त! मे महिन्यात तुमच्याकडच्या उन्हात रेझिन मगातच घट्ट होऊन धुरायला लागतं. पावसाळ्यात मॅट दमट होते आणि थर पांढरट पडतात. दिवाळीनंतर धानाची मळणी सुरू असते, तेव्हा उडणारा भुसा ओल्या रेझिनवर बसतो. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचा पारा दहाच्या आसपास येतो. पंधराच्या खाली पॉलिएस्टर नीट पिकत नाही, त्या दिवसांत भर दुपारीच काम करावं लागेल. मला विचाराल तर फेब्रुवारी धरा. जोडल्यावर लगेच रंग मारू नका. गाडी काही दिवस उन्हात उभी करा. रेझिन अजून आकसत असतं, सांध्याची रेघ उठायची असेल तर ती रंगाआधी उठू दे, घासून टाकता येते.

कोणी रुंद मडगार्ड किंवा नवा बंपर सुचवेल, त्याला नम्रपणे नाही म्हणा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. सर्वांत जुन्या डॉल्फिनची पन्नाशी २०३२ च्या आसपास भरेल. तोवर कामाचे फोटो आणि बिलं आरसी बुकासोबत जपून ठेवा, आणि मडगार्ड उघडं असताना खालची चासी जरूर तपासा. फायबर गंजत नाही, पण ते ज्या लोखंडावर उभं आहे ते गंजतं.