भट्टी निवेपर्यंत

घरी केलेले कप घरात मावेनासे झाले, तेव्हा मी मुंबईतल्या एका प्रदर्शनात तीन दिवसांचा स्टॉल घेतला. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता, लोक भेटवस्तू घेणारच, एवढाच माझा विचार. त्यासाठी लागणारे कप पुण्यात घरी कोणत्या महिन्यात वाळायचे आहेत, हे मनातही आलं नाही.

दिवाळीच्या प्रदर्शनाचं काम मी ऑगस्ट-सप्टेंबरात केलं. त्या दमट हवेत माझ्या मगांना पुरतं वाळायला दोन आठवडेही लागतात. वाळताना आणि भाजताना मिळून माझी माती दहा-बारा टक्के आकसते. मगाचं अंग आणि कान वेगवेगळ्या गतीने वाळले की सांध्यात चीर पडते. मी पंखे लावले, आणि कान तडकले. पहिल्या भाजणीत काही वाडगे फुटले, कारण आत राहिलेल्या ओलीची वाफ झाली. स्टॉलवर रंग हवेत म्हणून नवं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, न तपासताच वापरलं. शेवटची भट्टी १२२० अंशांवर नेली आणि दुसऱ्या दिवशी टेंपो दारात उभा. भट्टीचं दार उघडलं तेव्हा आत अजून दोनशे अंश होते. टिंग, टिंग असा आवाज येत राहिला. दोन ताटल्या दुभंगल्या. बाकीचा माल धड दिसत होता, तो खोक्यांत भरला.

स्टॉलचं भाडं २१ हजार, जाऊन-येऊन टेंपो ९ हजार, माझं आणि सोबतिणीचं राहणं-खाणं साडेसहा हजार, खोके आणि बबल रॅप अडीच हजार. एकूण ३९ हजार. विक्री झाली ४६,३००. हातात ७,३०० राहिले, आणि माती, ग्लेझ, वीज यांनाच सुमारे ११ हजार गेले होते. दोन महिन्यांच्या मजुरीचा तर हिशोबच नाही.

खरा घाव महिन्याभराने बसला. एका बाईंनी फोन केला: कपाच्या आत बारीक रेषांची जाळी आली आहे आणि चहाचा रंग तिच्यात मुरतोय. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की अशी जाळी पडते. गरम भांड्याला एकदम गार हवा लागली की ती लवकर उमटते. मी पैसे परत केले. पण त्यांनी तो कप वडिलांसाठी घेतला होता, त्याचं काय करायचं?

स्टॉल घेण्याच्या विचारात असाल तर आधी एक वर्ष त्या प्रदर्शनात नुसतं फिरून या. लोकांच्या हातातल्या पिशव्या पाहा. खायचे पदार्थ आणि कपडेच जात असतील, तर मोठी बरणी घेऊन तिथे बसण्यात अर्थ नाही. मग हिशोब कागदावर मांडा. माझा मग ४५० रुपयांना जातो. ३९ हजार निघायला ८७ मग विकायला हवेत, म्हणजे रोज २९, तेही माती-विजेचा पैसा न धरता. तेवढी गिऱ्हाइकं त्या प्रदर्शनात तुम्हाला दिसली का?

तारीखही पाहा. पुण्याची भीमथडी जत्रा डिसेंबरात असते, मुंबईचा काळा घोडा महोत्सव जानेवारी-फेब्रुवारीत. दोन्हींचं काम पाऊस सरल्यावर करता येतं. कोरड्या हवेत कडा भराभर वाळतात, म्हणून भांडी प्लास्टिकखाली झाकावी लागतात, पण ते हाताबाहेरचं नाही. दिवाळीचंच प्रदर्शन हवं असेल, तर माल मे महिन्यात करून ठेवा.

प्रदर्शनाऐवजी दुकानात 'विकलं की पैसे' या बोलीवर माल ठेवताना किती नग दिले आणि फुटलं तर कोणी सोसायचं, हे लिहून घ्या. ओळखीच्या दुकानातही घ्या. गिऱ्हाइकांना फोटो पाठवायचे असतील तर ते कप हातात धरून काढा आणि त्यात किती मिली मावतं ते लिहा. आकार न कळल्यामुळे नाराज झालेली माणसं मी पाहिली आहेत.

माझी सगळ्यात चांगली विक्री आता अंगणातच होते. भट्टी पुरती निवली की ओळखीच्यांना निरोप जातो आणि रविवारी सकाळी लोक येतात. कप उचलून, ओठाला लावून बघतात. टेंपो नाही, भाडं नाही, आणि उघडायची घाई नाही.

यंदा डिसेंबरातल्या एका प्रदर्शनासाठी अर्ज भरलाय. शेवटची भट्टी १५ नोव्हेंबरला लावायची, असं ठरवलंय. त्यानंतर प्रत्येक ग्लेझचा एक कप मी घरी ठेवीन आणि आठवडाभर त्यातच चहा पिईन.