कोरेगाव ते सिमला : महार सैनिकांची भरती का थांबली?

दरवर्षी 1 जानेवारीस आपण भीमा कोरेगावच्या स्तंभास मानवंदना देतो. तेथील लढाईचा सेनानी कॅप्टन स्टॉन्टन आपल्या मुलांनाही ठाऊक असतो. ज्याच्या धोरणाने त्याच सैन्याचे दार पुढे आपल्या पूर्वजांना बंद झाले, त्या सरसेनापती फ्रेडरिक रॉबर्ट्सचे नाव मात्र क्वचितच कानी पडते.

1818 च्या त्या दिवशी स्टॉन्टनजवळ सुमारे 500 पायदळ, थोडे घोडदळ व दोन तोफा होत्या. स्तंभावर कोरलेल्या नावांपैकी 22 नावांच्या अखेरीस ‘नाक’ हा महारांचा प्रत्यय आढळतो. पलटणीत मराठे व मुसलमानही होते. स्टॉन्टन कंपनीचा चाकर होता. तो कोणाच्या मुक्तीसाठी लढला नाही, हेही आम्ही स्पष्ट म्हणतो.

रॉबर्ट्सचा जन्म 1832 साली कानपूरचा. 1857 च्या उठावात त्याने पराक्रम गाजविला, तर 1880 मधील काबूल ते कंदाहार या कूचीने तो कीर्तीच्या शिखरावर गेला. 1885 ते 1893 तो हिंदुस्थानचा सरसेनापती होता. वायव्य सीमेवर रशियाचे भय होते. दीर्घ शांततेने दक्षिणेकडील शिपायाचे क्षात्रतेज ओसरले, खरे लढवय्ये शीख, गुरखे व पठाण, असे त्याचे मत. पलटणी जातवार लावल्या जाऊ लागल्या आणि 1890 च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबली. मराठ्यांची चालू राहिली! शांतता काय एकट्या महारांनीच भोगली होती?

बंदुकीपेक्षा मोठी हानी शाळेची झाली. गावच्या शाळेत ज्यांना ओटीवरही जागा नव्हती, त्यांना छावणीने अक्षर दिले होते. सैनिकांच्या मुलांमुलींना तेथे शिक्षण मिळे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म 1891 साली महूच्या छावणीतच झाला. भरती थांबताच पगार, निवृत्तिवेतन व विद्या या तिन्ही वाटा पुढच्या पिढीला बंद झाल्या.

सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली पूर्वजांच्या सेवेची आठवण देणारा अर्ज लिहिला. तो निष्फळ ठरला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडताच 1917 साली महारांची पलटण उभारली गेली. युद्ध संपल्यावर ती मोडली. पुढे 1941 साली महार रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा तिच्या टोपीवरील बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता.