बोलेल की हळूहळू, म्हणून किती थांबायचं?

पहिला वाढदिवस झाला की घरोघरी तुलना सुरू होते. शेजारची दहाव्या महिन्यात चालायला लागली, आमचा अजून भिंत धरूनच चालतो! ही काळजी बहुतेक वेळा अनाठायी असते. निरोगी मूल आठव्या महिन्यापासून जवळजवळ साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही आधाराशिवाय चालू लागतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसलं आहे. दीड वर्ष पूर्ण होऊनही चालत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

चालण्याची घाई करणारं घर बोलण्याच्या बाबतीत मात्र निर्धास्त असतं. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते’, असा दिलासा मिळतो आणि मोलाचे महिने निघून जातात. दोन वर्षांपर्यंत मेंदूची वाढ मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेली असते. उपचारांचा फायदा याच वयात सर्वांत जास्त होतो.

घरी एवढं करून पाहा. दीड वर्षाच्या मुलाला हाताने खूण न करता नुसतं ‘चेंडू आण’ म्हणा. ते चेंडूकडे जातं का? खिडकीत कावळा आला तर त्याकडे बोट दाखवतं का आणि तुम्हीही पाहिलंत ना, म्हणून तुमच्या तोंडाकडे वळून बघतं का? हे बोट दाखवणं फार महत्त्वाचं आहे. ज्याला सांगितलेलं समजतं आणि जे आपलं म्हणणं खुणेनं पोहोचवतं, त्या मुलाच्या बोलण्याचा पाया तयार असतो.

पुढील गोष्टी आढळल्या तर वाट पाहू नका:
• १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही
• १८ महिन्यांपर्यंत बोट दाखवत नाही
• दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नाही
• येत असलेले शब्द किंवा कौशल्य बंद झालं, मग वय काहीही असो

अशा वेळी आधी कानांची तपासणी करून घ्या. टाळीच्या आवाजाने मूल दचकतं, म्हणजे त्याला नीट ऐकू येतं असं नाही. काही मुलांना मोठे आवाज ऐकू येतात, पण बोलण्यातले बारीक आवाज निसटतात.

रोजच्या वागण्यात काय करावं? मुलाला जमिनीवर मोकळं सोडा. आत बसवायचा गोल वॉकर आणू नका. त्याने चालणं लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. आपला जुना, मागून ढकलायचा पांगुळगाडा बरा, पण तोही तुमच्या नजरेसमोर. वरणभात त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्या. सांडेल, माखेल, पण बोटांची पकड आणि हात-डोळ्यांचा मेळ त्यातूनच येतो. दोन वर्षांपर्यंत मोबाइल आणि टीव्ही नको. जेवण भरवतानाही नको. त्याऐवजी काम करता करता बोलत राहा. घरात दोन भाषा असल्या, तरी त्यामुळे बोलणं अडत नाही.

आहारातलं लोह विसरू नका. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. लोह कमी पडलं की मूल मलूल होतं आणि त्याच्या शिकण्यावरही परिणाम होतो. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध देऊ नका. पोट दुधानेच भरतं आणि जेवण मागे पडतं. डाळी, लिंबू पिळलेली पालेभाजी, चालत असेल तर अंडं, मासे द्या. आशाताईंकडून मिळणारं लोहाचं औषध सांगितल्याप्रमाणे पाजा.

माता-बाल संरक्षण कार्डावर वयानुसार विकासाचे टप्पे दिलेले आहेत. लसीकरणाला जाल तेव्हा तेही डॉक्टरांसोबत पडताळून घ्या. शंका असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडीतच मोफत तपासणी होते आणि गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. तपासणीत सगळं ठीक निघालं तर उत्तमच. काही निघालं, तर उपचार वेळेत सुरू होतील.